ठराविक स्पीडला गाडी थरथरते तेव्हा : पिनियन अँगल मोजणे आणि बसवणे

समजा तुमच्या गॅरेजमध्ये एक जुनी थार आली आहे. २०२० च्या आधीची, मागे पाटे असलेली. मालकाने हौसेने गाडी थोडी उंच करून घेतली आहे आणि इंजिनचा ट्यूनही बदलला आहे. तक्रार अशी की ताशी ७५ च्या पुढे गेलं की बुडाखालून थरथर सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढते, पाय उचलला की जवळपास नाहीशी होते. आतापर्यंत चारही टायर बदलून झाले, बॅलन्सिंग दोनदा झालं, इंजिनच्या रबर माउंटिंग नव्या झाल्या आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही नवे बसले. थरथर मात्र तिथेच आहे. आता कोणीतरी त्याला सांगितलं आहे, "गिअरबॉक्स खोलावा लागेल." तो तुम्हाला विचारतोय, खोलायचा का?

नाही खोलायचा. आधी मोजायचं. या पाठात आपण काय मोजायचं, कशाने मोजायचं आणि आकडे हातात आल्यावर काय करायचं ते पाहणार आहोत. मालकाचा खर्च वाचणं हा एक भाग झाला. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. चुकीच्या कोनात फिरणारा क्रॉस हळूहळू झिजतो आणि एक दिवस तुटतो. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडतं. कसारा घाटाच्या उतारावर, मागे ट्रकची रांग असताना हे व्हावं असं कोणालाच वाटणार नाही.

हा विषय नाशिककरांच्या खास ओळखीचा असायला हवा. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो निघाली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ निघाली. इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे आणि मधे लांब शाफ्ट, अशी ही मांडणी. छोट्या हॅचबॅक गाड्यांत पुढचीच चाकं ओढतात, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. पण थार, बोलेरो, जिप्सी, पिकअप या गाड्या सातपूर-अंबडच्या गॅरेजमध्ये रोज येतात. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या परिसरात भरली तेव्हा ज्यांनी रॅलीच्या जिप्सी जवळून पाहिल्या असतील, त्यांना माहीत आहे की पाट्यांच्या गाडीतून जास्त ताकद काढायची म्हटली की पहिलं दुखणं मागच्या हौसिंगपाशीच निघतं.

क्रॉसचा स्वभाव

गिअरबॉक्स चॅसीला बांधलेला असतो. मागचं हौसिंग पाट्यांवर वर-खाली होतं. म्हणून मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस लागतात. या जोडाला पुस्तकात हूकचा जोड म्हणतात. स्प्रिंगचा नियम आपण शाळेत शिकलो तो ज्याचा, तोच हा रॉबर्ट हूक. म्हणजे या गाडीचे पाटेही त्याच्या नियमाने चालतात आणि जोडही त्याच्याच नावाचा!

आता एक प्रयोग करा. सॉकेट पान्याच्या सेटमध्ये एक युनिव्हर्सल जोड असतो. त्याच्या दोन्ही टोकांवर खडूने खूण करा, तो साधारण ३० अंशात वाकवा आणि एक टोक हाताने अगदी सारख्या गतीने फिरवा. दुसरं टोक सारख्या गतीने फिरत नाही. ते थोडं पुढे धावतं, मग रेंगाळतं, पुन्हा धावतं, पुन्हा रेंगाळतं. एका फेऱ्यात हे दोनदा घडतं. हा दोष नव्हे, हा त्या जोडाचा स्वभावच आहे.

गणितात सांगायचं तर कोन β असेल तेव्हा पुढच्या भागाची गती मूळ गतीच्या cos β पट ते १/cos β पट एवढ्यात खालीवर होते. कोन ३ अंश असेल तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त गतीत फरक पडतो सुमारे ०.२७ टक्के. ६ अंशाला तो १.१ टक्के होतो आणि १० अंशाला ३ टक्क्यांच्या वर जातो. कोन दुप्पट केला की फरक चौपट होतो, हे लक्षात ठेवा. "दोनच अंश तर वाढलेत" असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवायचा.

मग गाडी मुळात सुरळीत चालते कशी? कारण मागे दुसरा क्रॉस आहे. पुढच्याने केलेली धाव-रेंगाळ मागचा उलटी करून मिटवतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. दुसरी, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत. ही दुसरी अट क्रॉस बदलताना हमखास मोडते. स्प्लाइनमधून शाफ्ट ओढून काढला, खूण केली नाही आणि परत घालताना एक-दोन दात पुढे बसला, की मागचा क्रॉस धाव-रेंगाळ पूर्ण मिटवू शकत नाही, उलट भरही घालू शकतो. म्हणून शाफ्ट काढण्याआधी रंगाने किंवा छिन्नीने खूण करायचीच. आपल्या थारचे क्रॉस नवे बसलेत ना? मग खाली शिरल्यावर पहिली नजर योकच्या रेषेवर.

आधी गाडी चालवा, पाना नंतर

मोकळा, सपाट, सरळ रस्ता निवडा. समृद्धी महामार्गावर इगतपुरी, सिन्नरकडून जाणाऱ्यांना हल्ली एक अनुभव येतो. शहरात आणि जुन्या रस्त्यावर एका स्पीडला गाडी दोन मिनिटंही टिकत नाही, त्यामुळे लपलेलं दुखणं तिथे सलग १०० च्या स्पीडला उघडं पडतं. तपासणी मात्र वाहतूक नसलेल्या रस्त्यावर आणि सोबत दुसरा माणूस घेऊनच करायची. चालवणाऱ्याने रस्ता पाहायचा, लिहायचं सोबतच्याने.

पहिलं पाहायचं ते गिअर. थरथर ज्या स्पीडला येते तोच स्पीड एकदा चौथ्यात आणि एकदा पाचव्यात धरा. इंजिनचे फेरे बदलले, तरी थरथर त्याच स्पीडला, तेवढीच राहिली, तर इंजिन, क्लच आणि फ्लायव्हील निर्दोष सुटले. दुखणं गिअरबॉक्सच्या मागे आहे.

मग पाहायचा जोर. त्याच स्पीडला पाय दाबून, पाय स्थिर ठेवून आणि पाय उचलून पाहा. सपाट रस्त्यावर काही सेकंद न्यूट्रलमध्येही पाहा. इंजिन चालूच ठेवायचं, कारण ब्रेकचा व्हॅक्यूम आणि पॉवर स्टिअरिंग त्यावर आहे. आणि घाटात न्यूट्रल कधीच नाही. जोर असो वा नसो, थरथर सारखीच राहिली तर बॅलन्स, वाकलेला शाफ्ट किंवा टायर यांच्याकडे जा. दाबल्यावरच आली तर कोनाचा संशय घ्या. फक्त पाय उचलल्यावर आली तर कोन उलट बाजूला चुकलेला असू शकतो, किंवा पिनियनचं बेअरिंग सैल झालेलं असतं. गाडी हलताना, पहिल्या वीस-तीसच्या आत थडथडली तर क्लच, मोठा कोन, किंवा दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधलं सेंटर बेअरिंग तपासा.

आपली थार दाबल्यावर थरथरते, सोडल्यावर शांत होते. बॅलन्स बिघडला असता तर पाय उचलल्याने तो दुरुस्त झाला नसता. म्हणजे दोनदा केलेलं बॅलन्सिंग मुळातच गरजेचं नव्हतं.

बॅलन्सला अगदी हलकं मात्र समजू नका. शाफ्टच्या मध्यापासून ४० मिलिमीटरवर ५० ग्रॅम माती चिकटली, तर ताशी ११० ला ती सुमारे २६ किलोच्या जोराने शाफ्टला बाहेर ओढते, आणि ४० च्या स्पीडला साडेतीन किलोने. पावसाळ्यात द्राक्षबागेत जाऊन आलेल्या गाडीच्या रिमच्या आत आणि शाफ्टवर काळी माती वाळून बसते. म्हणून तपासणीआधी गाडी खालून धुवायची. निम्म्या तक्रारी धुण्यातच संपतात असं मी म्हणणार नाही, पण काही नक्कीच संपतात.

थरथर मोजायची कशी

हाताला जाणवणाऱ्या थरथरीला आकडा देता आला तर काम फार सोपं होतं. समजा टायर एका फेऱ्यात २.२ मीटर जातो आणि क्राउन-पिनियनचं प्रमाण ४.१ आहे. तुमच्या गाडीचे आकडे तुम्ही काढा. टायरवर खडूची खूण करून गाडी ढकला आणि अंतर मोजा, प्रमाण मॅन्युअलमध्ये मिळेल.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेतं. शाफ्ट त्याच्या ४.१ पट, म्हणजे ४१ फेरे. आणि क्रॉसची धाव-रेंगाळ एका फेऱ्यात दोनदा होते, म्हणजे सेकंदाला ८३ वेळा. झालं! १० च्या आसपास हेलकावा असेल तर चाक किंवा टायर. ४१ असेल तर शाफ्टचा बॅलन्स, फ्लँज किंवा वाक. ८३ असेल तर क्रॉसचा कोन. १० ची थरथर सीट आणि स्टिअरिंग हलवते, ४१ ची पावलांना झिणझिण्या आणते आणि ८३ ची थरथर कानाला घुमल्यासारखी ऐकू येते.

मोबाईलवर कंपनं मोजणारी अ‍ॅप मिळतात, ती वापरा. पण एक सापळा आहे. मोबाईलचा सेन्सर सेकंदाला १०० वेळा मोजत असेल, तर त्याला ५० च्या वरचं कंपन खरं दिसत नाही. ८३ चं कंपन त्याला १७ चं दिसतं. आणि १७ पाहून तुम्ही पुन्हा टायरवालाच गाठाल! अ‍ॅपमध्ये सेकंदाला २०० च्या वर मोजण्याची सोय आहे का ते आधी पाहा. नसेल तर माइकवर चालणारं आवाजाचं अ‍ॅप घ्या, ते ८३ सहज पकडतं.

कोन मोजणे

गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी हवी. सगळ्यात जास्त चूक इथे होते. चॅसीला जॅक लावून चाकं लोंबकळत ठेवली की पाटे सैल पडतात, हौसिंग खाली जातं, आणि तुम्ही मोजलेल्या कोनाचा रस्त्यावरच्या कोनाशी काही संबंध राहत नाही. पिट असेल तर उत्तम. नसेल तर घोड्या हौसिंगखाली लावा, चॅसीखाली नाही, आणि पुढचा भागही तेवढाच उचला. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, मग तो जॅक कितीही नवा असो.

हत्यार म्हणून चुंबकाचा डिजिटल अँगल गेज मिळतो. मोबाईलचं लेव्हल अ‍ॅपही चालतं, फक्त कव्हर काढा. काहीच नसेल तर कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा यांनीही अर्ध्या अंशापर्यंत काम होतं. आयटीआयच्या प्रॅक्टिकलमध्ये तर मी हेच करून पाहायला सांगेन, कारण यात कोन म्हणजे काय ते डोळ्याला दिसतं.

तीन ठिकाणी मोजायचं. गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज (फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केसचा), शाफ्टची नळी आणि पिनियनचा फ्लँज. फ्लँजचा सपाट चेहरा उभ्या रेषेशी जेवढा झुकला आहे तेवढाच त्याचा आस आडव्या रेषेशी झुकलेला असतो. दोन्ही फ्लँजवर रंगाचा किंवा गंजाचा थर असेल तर आधी पुसा.

एक समजुतीचा गोंधळ इथेच सोडवू. व्हिडिओत सांगतात, "पिनियन तीन अंश खाली ठेवा." कशाच्या खाली? जमिनीशी? शाफ्टशी? गिअरबॉक्सशी? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. आपण जमिनीशी तीन कोन मोजू आणि वजाबाकीने क्रॉसचे कोन काढू. एकच ‘जादूचा आकडा’ शोधायचा नाही.

उदाहरण घ्या. मूळ गाडीत गिअरबॉक्स मागच्या बाजूला ४ अंश खाली उतरतो. शाफ्ट मागे ७ अंश उतरतो. पिनियनचं तोंड ४ अंश वर आहे, म्हणजे त्याचाही आस मागे जाताना ४ अंशच उतरतो. पुढचा क्रॉस : ७ वजा ४, म्हणजे ३. मागचा क्रॉस : ७ वजा ४, म्हणजे ३. सारखे झाले, धाव-रेंगाळ मिटली.

यातून एक गोष्ट निघते. गिअरबॉक्स आणि पिनियन यांचे आस एकमेकांना समांतर असतील, तर शाफ्टचा उतार कितीही असला तरी दोन्ही कोन सारखेच येणार. मोजायला तीन आकडे, पण जुळवायचे दोनच. शाफ्टचा उतार फक्त एवढं ठरवतो की ते सारखे कोन किती मोठे आहेत.

मोठे किती चालतील? शाफ्ट बनवणाऱ्यांचा ढोबळ नियम असा आहे : दोन क्रॉसच्या कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नको. प्रत्येक कोन निदान अर्धा अंश हवा, कारण कोन शून्य असेल तर बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहतात आणि क्रॉसला खड्डे पाडतात. ३ अंशांच्या आत असाल तर निर्धास्त. त्यापुढे शाफ्टच्या फेऱ्यांवर मर्यादा येते : मिनिटाला ५,००० फेरे असतील तर सव्वातीन अंश, ३,५०० ला ५ अंश, २,५०० ला ७ अंश. म्हणजे गाडी जेवढी पळवायची तेवढा कोन लहान हवा.

उंच करण्याचे दोन प्रकार, दोन वेगळी दुखणी

मालकाने गाडी उंच केली असं म्हटलं. कशी केली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिला प्रकार, पाटे आणि हौसिंग यांच्या मधे ५० मिलिमीटरचा सपाट ठोकळा. पिनियनचं तोंड तसंच, ४ अंश वर. शाफ्ट साधारण एक मीटर लांब धरला, तर त्याचा उतार जवळपास ३ अंशांनी वाढून १० होतो. दोन्ही क्रॉस ६ अंशांवर. सारखे आहेत, म्हणून शहरात कळतही नाही. पण ताशी ११० ला शाफ्ट मिनिटाला ३,४०० च्या वर फिरतो आणि तिथे मर्यादा ५ अंशांची. दोन टोकांचा हिशेब मिटला तरी मधला शाफ्ट स्वतः प्रत्येक फेऱ्यात दोनदा धावतो-रेंगाळतोच. त्याच्या वजनाची ती ओढाताण माउंटिंगपर्यंत पोचते. इथे पाचर लावून उपयोग नाही, उंचीच कमी करायला हवी. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळी असल्याने मागचा शाफ्ट आणखी आखूड असतो, म्हणून तिथे तेवढ्याच उंचीला कोन जास्त वाढतो.

दुसरा प्रकार, पाट्यांच्या मागच्या टोकाला ५० मिलिमीटर जास्त लांबीचे शॅकल. हे स्वस्त आणि झटपट, म्हणून लोकप्रिय. पण पुढचं टोक जागेवर आणि मागचं टोक खाली गेलं की सगळा पाटा तिरका होतो, आणि त्याला बांधलेलं हौसिंगही. पाटा १.२ मीटर लांब धरा : तोंड सुमारे २.४ अंश वर फिरतं. गाडी मात्र निम्मीच, २५ मिलिमीटर उंच होते. आता पिनियन ६.४, शाफ्ट साधारण ८.४, गिअरबॉक्स ४. (तोंड फिरल्याने शाफ्टच्या उतारात पडणारा फरक सोपेपणासाठी सोडून दिला आहे.) पुढचा क्रॉस ४.४, मागचा २. फरक २.४ अंश.

न मिटलेली धाव-रेंगाळ किती उरली, हे काढायला दोन्ही कोनांच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ घ्यायचं. १९.४ वजा ४, म्हणजे १५.४, आणि वर्गमूळ ३.९. म्हणजे ही गाडी अशी चालते आहे की जणू तिला एकच क्रॉस आहे आणि तो ३.९ अंशात वाकलेला आहे. उंची निम्मी मिळाली, पण न मिटणारी थरथर मागे लागली.

जोर पडल्यावर कोन बदलतो

ट्रॅक्टर चिखलात रुतला आणि चालवणाऱ्याने जोरात क्लच सोडला की पुढची चाकं उचलली जातात, हे तुमच्यापैकी अनेकांनी शेतात पाहिलं असेल. चाकं पुढे फिरायला तयार नाहीत, म्हणून त्यांना फिरवणारा भागच उलटा मागे फिरायला बघतो. थारच्या हौसिंगचं हेच होतं. फक्त ते पाट्यांना बांधलेलं असल्याने पाटे पिळले जातात आणि पिनियनचं तोंड वर उठतं.

किती जोर? इंजिनचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४ आणि क्राउन-पिनियन ४.१ धरलं तर कागदावर ४,१०० न्यूटन-मीटर होतात. एवढा जोर घ्यायला टायरची पकड पुरत नाही. मागच्या चाकांवर ९०० किलो आणि बरा डांबरी रस्ता धरला तर सुमारे अडीच हजारांवर टायर घसरतात. म्हणजे एक मीटर लांब पहारीच्या टोकाला अडीचशे किलो टांगावेत एवढा पीळ. ट्यून बदलून ताकद वाढवलेल्या गाडीत हा पीळ वरच्या गिअरमध्येही वाढतो. म्हणून मूळ स्थितीत शांत असलेली गाडी ट्यूननंतर थरथरू लागते, आणि मालक इंजिनवाल्याला दोष देतो.

आता आपल्या थारचा उलगडा झाला. पिनियन आधीच २.४ अंश जास्त वर होता. पाय दाबला की आणखी एक-दोन अंश वर जातो आणि फरक चारपर्यंत पोचतो. पाय उचलला की इंजिन गाडीला मागे ओढतं, तोंड खाली येतं आणि फरक कमी होतो. तक्रार आणि आकडे एकमेकांना जुळले. गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.

म्हणूनच पाट्यांच्या गाडीत उभ्या स्थितीत पिनियन समांतरपेक्षा थोडा खाली ठेवतात, म्हणजे जोर पडल्यावर तो समांतर येतो. रस्त्यावरच्या गाडीला १ ते २ अंश पुरे होतात. शर्यतीची, मऊ पाट्यांची गाडी त्याहून जास्त मागते. स्कॉर्पिओसारख्या कॉइल स्प्रिंग आणि लिंक असलेल्या हौसिंगला पीळ कमी, म्हणून १ अंशाच्या आसपास. हे आकडे सुरुवात करायला आहेत. नेमकं किती, ते तुमची गाडी रस्त्यावर सांगेल. पाट्यांची मऊ झालेली जोडी, फाटलेले बुश किंवा गिअरबॉक्सची बसलेली माउंटिंग असेल तर आधी ते बदला, नाहीतर तुम्ही हलत्या गोष्टीला माप लावत बसाल.

पाचर बसवणे

माझं मत विचाराल तर पहिला उपाय लांब शॅकल काढून मूळचे लावणं हाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला बंदी आहे, आणि अपघातानंतर विम्याचा प्रश्न येतो तो वेगळाच. पण पाटे जुने होऊन बसले म्हणून, किंवा नव्या पाट्यांचा बाक वेगळा निघाला म्हणून, साध्या गाडीतही कोन चुकतो. तिथे पाचर लागते.

पाचर म्हणजे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ पट्टी. ती पाटा आणि हौसिंगची बैठक यांच्या मधे बसते. पोलादाचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमची दबते, फुटते आणि यू-बोल्ट सैल पडतात. पाटे हौसिंगच्या वर असतील तर जाड बाजू पुढे ठेवल्याने तोंड खाली जातं. जिप्सीसारखे पाटे हौसिंगच्या खाली असतील तर उलट : जाड बाजू पुढे, तर तोंड वर. बसवण्याआधी कागदावर चित्र काढा. घाईत उलटी बसली तर चूक दुप्पट होते. दोन्ही बाजूंना एकाच अंशाची पाचर हवी, हे सांगायला नको.

सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसतंय ना ते पाहा. पाचरीच्या जाडीमुळे ते वर राहत असेल तर लांब बोल्ट लागेल. तो नीट बसला नाही तर हौसिंग पुढे-मागे सरकू शकतं. यू-बोल्ट नवे घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. मग तिन्ही मापं परत घ्या, कारण तोंड फिरलं की शाफ्टचा उतारही थोडा बदलतो. शेवटी डिफरन्शियलची ऑइल लेव्हल पाहा. तोंड बरंच वर फिरवलेलं असेल तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही, आणि मग थरथर बरी करताना घरघर विकत घेतल्यासारखं होतं.

एवढं करूनही सेकंदाला ४१ ची थरथर उरली, तर पिनियन फ्लँजवरून शाफ्ट सोडवून अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरवून पुन्हा जोडा. थरथर बदलली तर फ्लँज आणि शाफ्ट यांचे छोटे दोष एकमेकांत मिळत होते असं समजा. फोर बाय फोर गाडीत मागचा शाफ्ट पूर्ण काढून, पुढच्या चाकांवर थोडं अंतर सरळ, सावकाश चालवूनही संशय पक्का करता येतो. मात्र काही गाड्यांत हँडब्रेक शाफ्टच्या ड्रमवर असतो. तिथे शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. चाकांखालचे ठोकळे तेव्हा विसरू नका.

स्वाध्याय

एका जिप्सीची मापं अशी आहेत : ट्रान्सफर केस मागे ३ अंश उतार, शाफ्ट मागे ९ अंश उतार, पिनियनचं तोंड १ अंश वर. पाटे हौसिंगच्या खाली.

१. दोन्ही क्रॉसचे कोन काढा आणि न मिटलेला कोन काढा.

२. जोर पडल्यावर तोंड १ अंश उठतं असं धरून किती अंशांची पाचर लागेल? जाड बाजू कुठे?

३. पाचर बसवल्यावर शाफ्टचा उतार ९ अंशच राहिला असं धरा. ६ अंशांच्या क्रॉसला मिनिटाला सुमारे २,९०० फेऱ्यांची मर्यादा मानली, टायर एका फेऱ्यात २.१ मीटर जातो आणि क्राउन-पिनियनचं प्रमाण ४.६ आहे, तर ही गाडी कोणत्या स्पीडपर्यंत निर्धास्त चालवता येईल?

पडताळा : पहिल्याचं उत्तर ६, ८ आणि सुमारे ५.३. दुसऱ्याचं १ अंश, जाड बाजू पुढे. तिसऱ्याचं ताशी ८० च्या जरा खाली. तिसरं उत्तर जुळलं असेल, तर या जिप्सीच्या मालकाला पाचरीशिवाय आणखी काय सांगाल, ते दोन ओळींत लिहा.